धाडस कशाला म्हणावे?

परवा मधल्या सुट्टीत वरच्या वर्गातील काही विद्यार्थी मोठ्या रंगात येऊन एका चित्रपटाची गोष्ट एकमेकांस सांगत होते. कथानायक होता आयर्लंडमधील डब्लिन शहराचा एक दरोडेखोर. "सर, पोलिसांना त्याने काय झुलवले म्हणून सांगू!" असे एकजण म्हणाला आणि सर्वांच्या डोळ्यांत कौतुक चमकले. त्या कौतुकाने आम्ही अस्वस्थ झालो. मुलांना रागे भरणे सोपे होते; परंतु त्या माणसाचे चरित्र त्यांच्यापुढे नीट मांडावे, हेच आम्हांस अधिक उचित वाटले.

त्या दरोडेखोराचे नाव मार्टिन कॅहिल. जन्म १९४९ सालचा, गरीब कुटुंबातला. दरोड्याची आखणी तो एखाद्या सेनापतीप्रमाणे करी, म्हणून वृत्तपत्रांनी त्याला 'जनरल' हे नाव दिले. जुलै १९८३ मध्ये त्याच्या टोळीने हॅरल्ड्स क्रॉस भागातील एका जवाहिऱ्याच्या कारखान्यातून सुमारे २० लक्ष पौंडांचे सोने व जडजवाहीर लुटले. मे १९८६ मध्ये रसबरो हाऊस या वाड्यातून सर आल्फ्रेड बाइट यांच्या संग्रहातील १८ चित्रे पळविली. त्यांत थोर डच चित्रकार व्हरमेर याचेही एक चित्र होते. लोकांसमोर आला की तो हाताने किंवा बुरख्याने तोंड झाकून घेई. अशा माणसाभोवती दंतकथा उभी राहिली, यात नवल ते काय?

परंतु दंतकथेला दुसरी बाजू असते आणि ती सांगणारे बहुधा कोणी नसते. लुटला गेलेला तो कारखाना पुढे बंद पडला व शंभराहून अधिक माणसांचा रोजगार गेला. म्हणजे लूट झाली ती केवळ धनिकाच्या तिजोरीची नव्हे, तर शंभर चुलींची! गरिबांचा कैवारी म्हणून ज्याचे गोडवे गाइले जातात, तो स्वतः उंची वस्तीतील घराचा धनी असूनही सरकारचा बेकारभत्ता घेत होता. आणि त्या अमोल चित्रांचे काय झाले? इतकी प्रसिद्ध चित्रे उघडपणे विकत घेणार कोण? त्यांतील ७ चित्रे तर लगेचच टाकून दिलेली सापडली. व्हरमेरचे चित्र १९९३ साली बेल्जममधील अँटवर्प शहरी पोलिसांनी हस्तगत केले.

आता धाडसाविषयी. १९८२ च्या जानेवारीत डॉ. जेम्स डोनोव्हन यांच्या मोटारीत बॉम्ब ठेवण्यात आला. गुन्ह्यांच्या जागी सापडलेल्या वस्तूंची शास्त्रीय तपासणी करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेचे ते प्रमुख. कॅहिलवर त्या वेळी दरोड्याचा आरोप होता, आणि हे कृत्य त्याच्याच टोळीचे असे मानले जाते. त्याबद्दल त्याला शिक्षा मात्र कधी झाली नाही. डॉ. डोनोव्हन यांच्या पायांना भयंकर इजा झाली. तरीही ते पुन्हा आपल्या कामावर रुजू झाले. आम्ही विचारतो, मुलांनो, या दोघांत धीट कोण? अंधारात बॉम्ब ठेवणारा, की दुखऱ्या पायांनी पुन्हा प्रयोगशाळेची पायरी चढणारा?

असे असले तरी एक गोष्ट आम्हां शिक्षकांना विसरता येत नाही. वयाच्या सोळाव्या वर्षी घरफोडीबद्दल कॅहिलला डेन्जन गावच्या सुधारगृहात धाडण्यात आले होते. आयर्लंडच्या शासनाने नेमलेल्या आयोगाचा अहवाल २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात या सुधारगृहातील मुलांना होणाऱ्या क्रूर मारहाणीची नोंद आहे. जेथे मुलगा सुधारावा, तेथे तो फटके खाऊन अधिकच कठोर होऊन बाहेर पडावा, यापरते दुर्दैव कोणते? मात्र तेथून बाहेर पडलेला प्रत्येक मुलगा काही दरोडेखोर झाला नाही. म्हणून त्याचे बालपण आपण सहानुभूतीने समजून घ्यावे. पण समजून घेणे निराळे आणि पूजा करणे निराळे. छडीवर भिस्त ठेवणाऱ्या आम्हां वडीलधाऱ्यांनीही यातून आपला बोध घ्यावा.

अखेर १८ ऑगस्ट १९९४ रोजी, भाड्याने आणलेली चित्रपटाची फीत परत करण्यास निघाला असता, राहत्या भागातच मोटारीत त्याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. आयर्लंडमधील आयआरए या सशस्त्र संघटनेने आपण हे केल्याचे जाहीर केले. वय अवघे ४५. ज्या शस्त्राच्या धाकावर तो जगला, त्याच शस्त्राने त्याचा शेवट केला. १९९८ साली त्याच्यावर चित्रपट काढणारे दिग्दर्शक जॉन बूरमन यांच्या घरीही त्याने पूर्वी चोरी केली होती, ही गंमत चित्रपट पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

त्याच डब्लिनमध्ये व्हेरोनिका गेरिन नावाच्या एक बातमीदार होत्या. शहरातील गुन्हेगारांची कृत्ये त्या निर्भयपणे छापून आणीत. धमक्या आल्या, अंगावर गोळी झेलावी लागली, तरी त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. २६ जून १९९६ रोजी दुसऱ्या एका टोळीने भर रस्त्यात त्यांचा खून केला. सारा देश हळहळला, आणि त्याच वर्षी गुन्ह्यातून मिळविलेली मालमत्ता जप्त करणारा कायदा व त्यासाठी स्वतंत्र खाते आयर्लंडमध्ये अस्तित्वात आले. दरोडेखोराने आयुष्यभर तोंड लपविले. या बाईंनी आपल्या नावाने लिहिले.

विद्यार्थिमित्रांनो, मधल्या सुट्टीत गोष्टी अवश्य सांगा. पण पुढच्या खेपेस 'जनरल'ची गोष्ट सांगाल, तेव्हा डॉ. डोनोव्हन आणि व्हेरोनिका गेरिन यांचीही सांगा. आणि मग कोणाचे कौतुक करावयाचे ते तुमचे तुम्हीच ठरवा.