यंत्र बंद, खेळ चालू

जपानच्या सेगा कंपनीने ३१ जानेवारी २००१ रोजी जाहीर केले, की आपले 'ड्रीमकास्ट' हे खेळयंत्र मार्चअखेरीनंतर बनणार नाही. जपानच्या बाजारात त्याला येऊन जेमतेम सव्वादोन वर्षे झाली होती. जगभर नव्वद लाखांच्या आसपास यंत्रे खपली, पण सोनीच्या दुसऱ्या प्लेस्टेशनपुढे तेवढ्याने भागणारे नव्हते. कंपनीचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी तिची देणी सोडून दिली, आपल्या मालकीचे कोट्यवधी डॉलरचे समभाग तिच्या पदरात टाकले आणि मार्चच्या मध्याला ते वारले. बाजाराच्या वहीत ड्रीमकास्टचे खाते तिथेच मिटले.

पण खेळणाऱ्यांनी ते मिटू दिले नाही. कंपनीने पाठ फिरवल्याला चोवीस-पंचवीस वर्षे झाली, तरी जगाच्या कानाकोपऱ्यांतले हौशी लोक या यंत्रासाठी आजही खेळ तयार करीत असतात. काही खेळ अगदी नवे असतात. बरेचसे मात्र दुसऱ्याच कुठल्या यंत्रावरचे, जुने, गाजलेले खेळ असतात आणि ही मंडळी त्यांचे बिऱ्हाड उचलून ड्रीमकास्टवर आणून थाटतात. यात पैसा नाही. कंपनीची परवानगी बहुधा नसते. नोकरी-धंदा सांभाळून, रात्री आणि रविवारी हे चालते. आपल्याकडे हौशी नाट्यमंडळे गाजलेली नाटके गणपतीच्या मांडवात किंवा शाळेच्या सभागृहात उभी करतात, त्यातलाच हा प्रकार. संहिता तीच, पण रंगमंच लहान, दिवे कमी, आणि फिरता रंगमंच नसल्याने दुसऱ्या अंकाचे काय करायचे याची चिंता दिग्दर्शकाला.

ज्यांच्या घरी नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, त्यांना मारिओ आणि कॉन्ट्राची कॅसेट आठवत असेल. खेळ सुरू झाला नाही, की कॅसेट काढून फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची, हा घरोघरचा उपाय होता. त्यांतली बहुतेक यंत्रे जपानी यंत्राच्या नकला होत्या, आणि एका कॅसेटमध्ये किती खेळ आहेत याचे खोक्यावरचे आकडे तर निव्वळ थापा. ड्रीमकास्ट ही त्यापुढची पिढी. ते आपल्याकडच्या घरांत फारसे पोचले नाही, म्हणून थोडी ओळख करून द्यायला हवी. त्याच्यात कॅसेटऐवजी तबकडी असे, आणि तीही साधी सीडी नव्हे. सुमारे एक गिगाबाइट माहिती मावणारी 'जीडी-रॉम' नावाची खास तबकडी सेगाने त्यासाठी काढली होती. घरच्या संगणकावर तिची नक्कल करता येऊ नये, हाही त्यामागचा एक हेतू होता.

दरवाजा असा भक्कम, पण खिडकी उघडी राहिली. गाण्यांच्या सीडीवर थोडी चित्रे आणि थोडी करमणूक घालून ती ड्रीमकास्टवर चालवता यावी, अशी 'मिल-सीडी' नावाची एक सोय सेगाने केली होती. तशा तबकड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या. सोय मात्र यंत्रात तशीच होती. २००० साली काहींच्या लक्षात आले, की या खिडकीतून कुठलीही साधी सीडी आत शिरू शकते. यंत्र उघडायला नको, त्यात काही डकवायला नको. या वाटेने आधी आत घुसले ते चोर. विकत घ्यायचे खेळ लोक फुकट उतरवून घेऊ लागले. सेगाने नंतरच्या यंत्रांत ही सोय काढून टाकली, पण तोवर बरीच यंत्रे विकली गेली होती. ड्रीमकास्ट या चोरीमुळे बुडाले असे म्हणणारे आहेत. आम्हांला ते पटत नाही. सेगाचे आधीचे यंत्र फसले होते, तिजोरी रिकामी होती आणि पुढे सोनी उभी होती. पण चोरी झाली नाही, असे मात्र कुणी म्हणू नये.

चोरांच्या मागोमाग त्याच खिडकीतून हौशी मंडळी आत आली. यंत्राच्या चित्राच्या, आवाजाच्या आणि हातातल्या बटणांच्या भागांशी कसे बोलायचे, हे त्यांनी खटपट करून शोधून काढले आणि 'कॅलिस्टी-ओएस' नावाचा आज्ञावल्यांचा संच उभा केला. तो कुणालाही फुकट वापरता येतो. त्यामुळे सेगाच्या साधनांना हात न लावता ड्रीमकास्टसाठी खेळ लिहिणे शक्य झाले.

आता खेळ कुठून आणायचा? अमेरिकेतल्या इड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीचा 'डूम' हा खेळ डिसेंबर १९९३ मध्ये निघाला आणि संगणकावर खेळणाऱ्यांची झोप त्याने उडवली. चार वर्षांनी, १९९७ च्या नाताळाच्या तोंडावर, त्याचे प्रमुख आज्ञावलीकार जॉन कारमॅक यांनी त्याची मूळ आज्ञावली, म्हणजे ज्याला 'सोर्स कोड' म्हणतात ती, लोकांसाठी खुली केली. १९९९ मध्ये ती 'जीपीएल' या मुक्त परवान्याखाली आली. वापरा, बदला, वाटा, फक्त केलेले बदलही तसेच खुले ठेवा, ही त्याची अट. व्यवसायातल्या माणसाने आपली पाककृती अशी चव्हाट्यावर मांडणे त्या काळी सर्रास होत नव्हते. त्यातही एक अडचण होती. मूळ खेळातला आवाजाचा भाग दुसऱ्याच कुणाच्या मालकीचा असल्याने तो देता येईना, म्हणून जी आज्ञावली बाहेर आली ती लिनक्स संगणकासाठीची होती. डॉसवरच्या खेळाचा आवाज ज्याने त्याने आपला आपण बसवायचा होता. मंडळींनी तो बसवला.

बिऱ्हाड हलवणे म्हणजे नुसते सामान टेम्पोत भरणे नव्हे. खेळ नव्या जागेत मावला पाहिजे. ड्रीमकास्टची स्मृती सोळा मेगाबाइटची, आणि डूमला चार पुरत, त्यामुळे जागेचा प्रश्न आला नाही. पण संगणकावर डूम खेळताना समोर सगळा कीबोर्ड असतो. एकपासून सातपर्यंतचे आकडे दाबले, की हातातले शस्त्र बदलते. ड्रीमकास्टच्या हातखेळण्यावर एक दांडी, एक दिशादर्शक फुली, चार बटणे, एक सुरुवातीचे बटण आणि खाली बोटांसाठी दोन घोडे, एवढाच कारभार. कुठले काम कुठल्या बटणाला द्यायचे, यावर माणसे रात्री घालवतात. बरे, अर्ध्यावर सोडलेला डाव जपून ठेवायचा तर त्यासाठी छोटा पडदा असलेले एक गोजिरवाणे मेमरी कार्ड आहे. त्यात जागा दोनशे ठोकळ्यांची, म्हणजे अवघी शंभर किलोबाइट. मोठ्या डावाची नोंद त्यात कोंबायची, तर ती आधी दाबून लहान करावी लागते. मुंबईच्या खोलीत संसार मांडलेल्यांना हे कौशल्य वेगळे समजावून सांगायला नको.

आणि एवढे करूनही, आज्ञावली खुली झाली म्हणजे खेळ फुकट झाला, असे नाही. डूममधली चित्रे, नकाशे आणि संगीत यांवरचा हक्क कंपनीने सोडलेला नाही. पहिला भाग तेवढा तिने मुळातच फुकट वाटला होता. बाकीचे भाग खेळायचे, तर ज्याने त्याने आपली विकत घेतलेली प्रत आणायची. संहिता खुली, नेपथ्य मालकाचे. हा व्यवहार आम्हांला चोख वाटतो. कंपनीचे काही बिघडले नाही, डूम आजही विकला जातो, आणि खेळ मात्र कितीतरी यंत्रांवर पोचला.

दुसरा नमुना याच्या नेमका उलट आहे. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ३' हा खेळ २००१ च्या ऑक्टोबरात सोनीच्या यंत्रावर आला. म्हणजे ज्या वर्षी ड्रीमकास्ट बंद झाले त्याच वर्षी. त्याची आज्ञावली कंपनीने कधीच दिली नाही. काही हौशी मंडळींनी विकल्या गेलेल्या तयार खेळावरून उलटे जात जात ती पुन्हा लिहून काढली आणि २०२१ मध्ये लोकांपुढे ठेवली. टेक-टू या मालक कंपनीने ती काढायला लावली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयात दावाही ठोकला. २०२३ मध्ये तो निकालापर्यंत न जाता मिटला. तरीही, त्याच कामाच्या आधाराने २०२५ च्या सुरुवातीला हा खेळ ड्रीमकास्टवर चालू लागला. ज्या यंत्राच्या दुप्पट मुख्य स्मृतीसाठी तो विकला गेला होता, त्या खेळाचे अख्खे शहर सोळा मेगाबाइटमध्ये बसवणे ही काही साधी करामत नव्हे. इथेही संगणकावरची आपली प्रत लागतेच. कायद्याने मात्र हे सारे काठावरच उभे आहे.

(आता हा खेळ लहान मुलांचा नाही आणि डूमही नाही, हे पालकांच्या कानावर घालायला हवे. गाड्या पळवणे आणि गोळ्या झाडणे यांपलीकडे त्यांत फारसे काही नाही, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही वाद घालणार नाही. पण जुन्या तमाशाच्या वगांबद्दलही भल्या घरांत असेच बोलत असत, आणि आज अभ्यासक त्यांच्या वह्या शोधत फिरतात.)

कंपनीचा हक्क आम्ही नाकारीत नाही. ज्याने मेहनत केली, पैसा ओतला, त्याला मोबदला मिळालाच पाहिजे. प्रश्न आहे तो मालकाने विकणेच थांबवल्यानंतरचा. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली. २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात विकत मिळत नाहीत, असे तिच्यात आढळले. म्हणजे प्रामाणिकपणे पैसे मोजायला तयार असलेल्या गिऱ्हाइकालाही दुकान नाही. निदान ग्रंथालयांनी असे खेळ अभ्यासकांना दूर बसून पाहू द्यावेत, एवढी सवलत मागितली गेली. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये तीही नाकारली. कंपनीने काढलेल्या अशा कृतींवर तिथे ९५ वर्षे हक्क चालतो. डूमचा २०८८ अखेर संपेल. तोवर १९९८ ची ड्रीमकास्ट यंत्रे चालू राहणार नाहीत. आजच त्यांची तबकडी वाचणारी भिंगे थकली आहेत. आतली घड्याळाची बॅटरी गेली, की यंत्र दर वेळी तारीख विचारते आणि २७ नोव्हेंबर १९९८ वरून मोजायला लागते. त्याच दिवशी ते जपानात पहिल्यांदा विकले गेले होते.

आपण हे नुकसान पाहिलेले आहे. मुंबईत बनलेला भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ चा. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झाले ते १९६४ मध्ये, आणि तोवर कितीतरी मूकपट आणि बोलपट गेले होते. त्या फितींना बाजारात किंमत उरली नव्हती म्हणून त्या कुणी जपल्या नाहीत. खेळांच्या बाबतीत निदान जपणारे लोक आहेत. त्यांनाच आपण दारावर उभे करून ठेवतो.

आमचे म्हणणे एवढेच, की यंत्र किंवा खेळ विकणे थांबवल्यावर ठराविक वर्षांनी, समजा दहा वर्षांनी, त्याची मूळ आज्ञावली एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात जमा करणे कंपन्यांवर बंधनकारक असावे. चित्रे आणि संगीत त्यांची त्यांनी ठेवावीत. ही कल्पना आपल्याला परकी नाही. १९५४ च्या कायद्याने आपल्याकडच्या प्रत्येक प्रकाशकाला पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवावी लागते, आणि तीही तीस दिवसांत. त्या कायद्यात पुस्तके आहेत आणि १९५६ मध्ये वर्तमानपत्रेही आली. पुण्या-मुंबईत आज खेळ बनवणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांच्या आज्ञावल्या मात्र त्या कायद्यात नाहीत.