नौकाविहाराचा कर कोणासाठी?

पवनी तालुक्यात वैनगंगेवर बांधलेल्या गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात जलपर्यटनाचा प्रकल्प राज्य सरकारने हाती घेतला आहे. जिल्ह्यात चार पैसे येतील, तरुणांना काम मिळेल, याचा आनंद कोणास होणार नाही? परंतु ज्या पाण्यावर आता विहाराच्या नौका चालावयाच्या, त्या पाण्याखाली कोणाची शेते आणि घरे गेली, याचा विसर त्या आनंदाच्या भरात पडता कामा नये. 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली; पुनर्वसनाच्या तक्रारी मात्र अद्याप मिटलेल्या नाहीत.

विहाराच्या नौकांवर आज कर नाही, असे नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून त्यांवर 40 टक्के वस्तू व सेवा कर आहे. मासेमारीच्या नौकेवर तो 5 टक्के आहे. चैन आणि पोट यांतील हा भेद न्याय्यच म्हटला पाहिजे. पण हा कर खरेदीच्या वेळी एकदाच भरावयाचा आणि तो दिल्ली-मुंबईच्या तिजोऱ्यांत जमा व्हावयाचा. वैनगंगेच्या काठी त्यातले काय परतणार? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत, राज्यसूचीतील 58 वी नोंद प्राणी व नौका यांवरील करांची आहे. तो अधिकार वापरून विहाराच्या यंत्रनौकांवर वार्षिक कर बसवावा आणि त्याचे उत्पन्न प्रकल्पग्रस्त व मच्छीमार संस्था यांच्यासाठी कायद्यानेच राखून ठेवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ढिवरांच्या डोंग्यांना या कराचा स्पर्शही होऊ नये.

करामुळे हा धंदा बाल्यावस्थेतच मरेल, हा आक्षेप उपेक्षणीय नाही. अमेरिकेने 1991 पासून नौकेच्या एक लाख डॉलरांपुढील किमतीवर 10 टक्के चैन-कर बसविला. नौका बांधणाऱ्या कामगारांच्याच पोटावर पाय आला, अशी ओरड झाली आणि 1993 मध्ये तो रद्द करावा लागला. यावरून घ्यावयाचा धडा एवढाच, की दर माफक असावा.

त्याच देशातील काही घटक राज्यांत कराचे प्रश्न थेट मतदारांपुढे कौलासाठी ठेवतात. आपल्याकडे तशी तरतूद नाही. असा कर विधिमंडळच बसवू शकते. म्हणूनच तेथे बसणाऱ्या आपल्या प्रतिनिधींची जबाबदारी दुप्पट होते. त्यांनी प्रथम काठच्या ग्रामसभांचे म्हणणे ऐकावे आणि मग विधेयकाचा आग्रह धरावा. ज्यांनी पाण्यासाठी जमीन सोडली, त्यांचा त्या पाण्याच्या उत्पन्नात वाटा आहे. तो कायद्यात नोंदविण्याचे काम आता विधिमंडळाचे आहे.