जमाव आला म्हणून पुस्तक जाता कामा नये

2010 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या दारात रोहिंटन मिस्त्री यांच्या ‘सच अ लाँग जर्नी’ या कादंबरीच्या प्रती जाळल्या गेल्या. शिवसेनेविषयीच्या मजकुरावर त्या पक्षाच्याच भारतीय विद्यार्थी सेना या विद्यार्थी संघटनेची हरकत होती. कुलगुरूंनी विशेष अधिकार वापरून पुस्तक बी. ए.च्या अभ्यासक्रमातून तातडीने काढून टाकलं.

मी तेव्हा ही कादंबरी वर्गात शिकवत होते. बांगलादेश युद्धाच्या काळातला गुस्ताद नोबल हा पारशी बँक कर्मचारी माझ्या मुलांना आपल्या चाळीतला वाटायचा. ‘मॅडम, हे शिवसेनेबद्दलचं पटत नाही,’ असं ठणकावणारी मुलंही होती. मग वाद रंगायचा. पात्राचं बोलणं म्हणजे लेखकाचं मत असतं का, हे मुलं त्या वादातच शिकायची. पुस्तक काढलं, तेव्हा ते न आवडणाऱ्या मुलांची वाद घालण्याची संधीही गेली.

फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीलेतल्या नटांच्या पडद्यामागच्या वागण्यावरचं विद्यार्थ्यांचं नाटक अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी बंद पाडलं. धार्मिक भावना दुखावल्याच्या गुन्ह्यात विभागप्रमुखांना आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. संघटना बदलली, रीत तीच राहिली.

हरकत घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. निषेधाची सभा घ्या, पत्रक काढा, उत्तरादाखल दुसरं नाटक करा. उद्या डाव्या संघटनांनी एखाद्या उजव्या वक्त्याचं भाषण उधळलं, तरी मी हेच म्हणेन. कारण 1989 मध्येच रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं आहे की, निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दडपता येणार नाही आणि विरोधी जमाव आवरता येत नाही, ही सबब सरकारला सांगता येणार नाही. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठालाही ही सबब शोभत नाही.

म्हणून कुलगुरूंकडे माझी मागणी साधी आहे. पुस्तकावरची तक्रार लेखी घ्या, ती अभ्यास मंडळापुढे ठेवा, शिकवणाऱ्यांचं आणि शिकणाऱ्यांचं ऐका, निर्णय कारणांसह जाहीर करा. तोवर पुस्तक वर्गात राहू द्या. नाटक असेल, तर प्रयोग पूर्ण होईपर्यंत दाराशी उभं राहून कलाकारांना संरक्षण द्या. विद्यार्थ्याला पोलीस नेत असतील, तर त्याच्या बाजूने पहिला फोन विद्यापीठाचा जायला हवा.