अंगणात फरशी की फळ्या?

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या मागच्या अंगणाने घरात चांगले तट पाडले. अंगण म्हणावे एवढे ते मोठे नाहीच. पुण्यातल्या आमच्या रो-हाऊसच्या पाठीमागची बारा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब जागा. कोपऱ्यात पारिजातक, दारासमोर तुळशीवृंदावन आणि पावसाची एक सर आली की उरलेल्या जागेत चिखल. दिवाळीपूर्वी इथे काहीतरी करावयाचेच, यावर सर्वांचे एकमत झाले. मात्र काय करावयाचे, यावर जेवढी माणसे तेवढी मते!

ह्यांचे म्हणणे, गुळगुळीत पॉलिश केलेली कोटा फरशी घालावी. फडके मारले की लख्ख. थोरल्याने मोबाईलवर कुठल्याशा हॉटेलातले फळ्यांचे अंगण दाखवले. "आई, याला डेक म्हणतात. अनवाणी चालायला किती छान!" धाकटीला यातले काहीच नको होते, तिला किल्ल्यासाठी माती हवी होती. सासूबाई तेवढ्या गप्प होत्या.

त्यांच्या गप्प राहण्याचे कारण मला ठाऊक होते. आदल्या पावसाळ्यात मागच्या दाराच्या ओल्या पायरीवर त्यांचा पाय घसरला. सुदैवाने हाड मोडले नाही, पण भीती बसली ती बसलीच. तेव्हापासून तुळशीला पाणी घालण्याचे काम माझ्याकडे आले आणि सासूबाई खिडकीतूनच हात जोडू लागल्या. ऐंशीच्या घरातल्या बाईला बाहेरचे जग तेवढेच उरले होते, तेही तुटले.

म्हणून मी म्हटले, दिसते कसे ते मागाहून बघू. भर पावसात आईंचा पाय कशावर ठरेल, ते आधी बघू.

प्रथम सुतारांना बोलावले. त्यांनी सरळच सांगितले, "वहिनी, फळ्या खालून वारा खेळला तरच टिकतात." म्हणजे जमिनीपासून उंच आडव्या पट्ट्या टाकावयाच्या आणि त्यांवर बोटाच्या अर्ध्या जाडीची फट ठेवून फळ्या ठोकावयाच्या. लाकूड सागवानाच्या गाभ्याचे हवे. बाहेरचे पांढरे लाकूड वाळवी सोडत नाही. शिवाय वर्षाला तेलाचा हात द्यावयाचा. फटींतून पारिजातकाची फुले-पाने खाली जाणार, ती तिथेच कुजणार; उंदरांनाही आयती जागा. लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाच्या फळ्या मिळतात, त्यांना वाळवीचे भय फारसे नसते. पण वैशाखाच्या उन्हात त्या अशा तापतात, की अनवाणी चालण्याची हौस तिथेच फिटते! आणि ओल्या फळीवर शेवाळ धरले तर ती फरशीइतकीच निसरडी.

फळ्यांना त्यांचे स्थान आहे, हे मात्र कबूल केले पाहिजे. जमीन उंचसखल असेल किंवा गच्चीवर फार वजन चालत नसेल, तर फळ्या सोयीच्या. त्यांचे सुटे चौकोन उचलून खालची जागा झाडताही येते. आमचे अंगण मात्र सपाट मातीचे, झाडाच्या छायेतले. तिथे दगडच बरा.

दगड तरी कोणता? गुळगुळीत कोटा कोरडा असतो तोवर देखणा; ओला झाला की पायाला आधार देत नाही. शेवटी पॉलिश न केलेली, खरखरीत शहाबादी ठरली. कर्नाटकातल्या शहाबाद गावावरून नाव पडलेला हा चुनखडीचा दगड आपल्या वाड्यांना आणि चाळींना चांगला परिचयाचा. मात्र त्यावर ॲसिड कधी ओतू नये. लिंबाच्या रसानेसुद्धा त्याला डाग पडतो.

गवंड्यांकडून चार गोष्टी मी उभी राहून करून घेतल्या. खालची माती काढून मुरूम भरला आणि तो पाणी मारून धुमसाने ठोकला. त्यावर बारीक कच पसरून फरशी बसवली. ढाळ घरापासून बाहेरच्या बाजूला, दहा फुटांना दीड इंच दिला. फरशी घराच्या जोत्याच्या माथ्यापासून सहा इंचांहून अधिक खालीच ठेवली, नाहीतर भिंतीला ओल चढते. सांध्यांत सिमेंटऐवजी वाळू भरली, म्हणजे थोडे पाणी जमिनीतही मुरते. घसरवणाऱ्या त्या पायरीला टाकी लावून घेतली आणि बाजूला धरायला लोखंडी नळीचा कठडा बसवला.

सगळे अंगण मात्र झाकले नाही. कुंपणाच्या भिंतीलगत तीन फुटांचा पट्टा आणि पारिजातकाचे आळे मोकळे ठेवले. मुळांना पाणी मिळाले पाहिजे आणि किल्ल्याला माती!

काम आटोपले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस शिंपडून गेला होता. मी चहा टाकत होते, तो मागचे दार वाजले. सासूबाई कठडा धरून पायरी उतरत होत्या. फरशीवर त्यांनी एक पाय टेकवला, जरा दाबून पाहिला, मग दुसरा. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "ठरतो गं पाय. तांब्या दे इकडे."

आता एक सबंध पावसाळा त्या फरशीवरून गेला आहे. सांध्यांत गवत उगवते, ते उपटावे लागते. भिंतीच्या सावलीत शेवाळ धरते, तिथे दर आठवड्याला काथ्याचा कुंचा घासावा लागतो. हे अजूनही म्हणतात, पॉलिशची फरशी अधिक शोभली असती. शोभली असती, हे खरेच!

पण भगिनींनो, तुमच्याकडे असा प्रश्न निघाला, तर दुकानातले नमुने बघण्याआधी आपल्या घरात सर्वांत सावकाश कोण चालते, ते बघा. अंगण त्या पावलांच्या बेताचे करा. बाकीचे त्यावरून धावतीलच. आमच्या सासूबाई यंदाही तुळशीपुढे रांगोळीचे चार ठिपके स्वतःच्या हाताने काढणार आहेत. आणि किल्ल्याची माती? ती धाकटीने आत्ताच भिजत घातली आहे.