दाराला डहाळा, दंडाला सुई



वर्गात एखादी जागा चार दिवस रिकामी दिसली, की मी शेजारच्याला विचारते. कधी कधी उत्तर येतं, "बाई, त्याला देवी आल्यात!"

आता गंमत बघा. भारतात १९७५ नंतर देवीचा एकही रोगी सापडलेला नाही. १९८० मध्ये तर हा रोग जगातूनच गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं. मग आपल्या मित्राला काय झालंय? बहुधा गोवर, नाही तर कांजिण्या.

पूर्वी देवीवर औषधच नव्हतं. अंगभर फोड यायचे, कुणाचे डोळे जायचे, कितीतरी मुलं दगावायची. घाबरलेली माणसं शीतळादेवीला थंड नैवेद्य दाखवायची. पुढे लस आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्थॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली. भारतातली ती पहिलीच! लोकांनी लस टोचण्यालाही 'देवी काढणं' म्हटलं. आजी-आजोबांच्या हातावर त्याचे गोल वण अजून दिसतील.

देवी गेल्या, पण जुन्या समजुती गोवराला चिकटल्या. दाराला कडुनिंबाचा डहाळा, घरात फोडणी नाही, पाहुणा नाही आणि औषधही नाही. यातलं काय ठेवायचं?

डहाळा खुशाल लावा. तो पाहून शेजारची पोरं आत येणार नाहीत, हे चांगलंच. गोवर हवेतून पसरतो, म्हणून पुरळ उठल्यावर निदान चार दिवस शाळेत यायचं नाही. पण "देवी कोपेल" म्हणून दवाखाना टाळू नका. गोवरात न्यूमोनिया होऊ शकतो, जुलाब लागतात, डोळेही जाऊ शकतात. डॉक्टर 'अ' जीवनसत्त्वाचे डोस देतात ते यासाठीच. आजाऱ्याचं खाणंपिणंही तोडू नका.

गोवर काही जुनी गोष्ट नाही. २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, मालेगावला त्याची साथ आली होती. त्यावर लस आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत.

तर या आठवड्याचा गृहपाठ: धाकट्या भावंडाचं लसीकरणाचं कार्ड काढा. गोवराच्या दोन्ही डोसांच्या तारखा शोधा. एखादी कोरी दिसली, तर आई-बाबांना दाखवा. आणि दवाखान्यात जाताना आजीलाही बरोबर न्या बरं का! तिच्या हातावरचा वण पाहिला, की बाळाच्या सुईची भीती जरा कमी होईल.

तुमच्या बाई