राउटरची चावी कोणाकडे?

फ्लॅटवर नवं कनेक्शन येतं. इन्स्टॉलेशनवाले दादा वायर जोडतात, कुणाचा तरी मोबाइल नंबर वाय-फायचा पासवर्ड म्हणून टाकतात आणि निघतात. आपण रील्स बघायला मोकळे! पण राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो. तो अनेकदा कंपनीने दिलेला 'अ‍ॅडमिन'च राहतो.

२०१६मध्ये 'मिराई' मालवेअरने नेमकं हेच हेरलं. असे साठेक ठरावीक पासवर्ड वापरून पाहत त्याने लाखो राउटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांनी 'डाइन' कंपनीवर मारा केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास अडखळलं. मिराई लिहिणारे कोण, तर तुमच्याच वयाची तीन पोरं. ब्रिटनने २०२४मध्ये सोप्या डीफॉल्ट पासवर्डवर कायद्यानेच बंदी घातली. आपण कायद्याची वाट कशाला बघायची?

बाहेरची वायर लावण्याआधीच लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका आणि अ‍ॅडमिन पासवर्ड बदला. सिक्युरिटी डब्ल्यूपीए-२ किंवा ३ ठेवा. डब्ल्यूपीएस बंदच करा. त्याचा पिन दिसतो आठ आकडी, पण जुन्या राउटरवर अकरा हजार प्रयत्नांत सापडतो. नेट सुरू झालं की पहिलं फर्मवेअर अपडेट.

कनेक्शन एकाच्याच नावावर असतं, हेही लक्षात घ्या. लाइनवरून कुणी उलटसुलट उद्योग केले तर आधी विचारणा त्यालाच होते. रूममेट बदलला की पासवर्डही बदला.