गॅसची नळी कितीची, हे कागदावर मागा

पाईपचा गॅस घेताना आपण काय काय विचारतो? डिपॉझिट किती, बिल किती येणार, सिलेंडर परत कधी करायचा. एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. नळी कितीची टाकणार आणि ते ठरवलं कोणी?

मी तालुक्याच्या गावचा पत्रकार. आमच्याकडे गॅसच्या पिवळ्या नळ्या आत्ता कुठे रस्त्याकडेला पडायला लागल्यात. पण माझी थोरली बहीण शीव कोळीवाड्यात दिलेली, त्यामुळे हा विषय मी मुंबईत आधीच पाहिलाय. तिच्या घरी लाईन आली तेव्हा फक्त दोन बर्नरची शेगडी होती. पुढे दाजींनी गॅसचा गीझर घेतला. ओळखीच्या प्लंबरने स्वयंपाकघरातल्या बारीक नळीलाच टी मारून ती पार मोरीपर्यंत नेली. गीझर लावला की शेगडीची ज्योत खाली बसायची. ताई म्हणायची, "सकाळी गॅसला जोरच नसतो रे." प्लंबरचं उत्तर ठरलेलं: "मागूनच प्रेशर कमी आहे, ताई."

मागून प्रेशर कमी नव्हतं. नळी कमी पडत होती.

थोडा हिशेब सांगतो. कंटाळवाणा आहे, पण सातवीचं गणित येणाऱ्याला कळेल असा आहे.

मुंबईत घरगुती गॅस शेगडीपाशी साधारण 21 मिलीबार दाबाने येतो. सिलेंडरचा गॅस रेग्युलेटरमधून साधारण 30 मिलीबारने येतो. शिवाय तेवढ्याच घनफळात सिलेंडरच्या गॅसमध्ये अडीच पटीहून जास्त उष्णता असते. म्हणजे पाईपचा गॅस दाबाने कमी आणि उष्णतेनेही पातळ. तेवढंच जेवण शिजवायला तो जास्त प्रमाणात वाहून आणावा लागतो. म्हणून तर लाईन जोडताना शेगडीचे जेट बदलतात. सिलेंडरच्या काळात जी बारीक नळी चालून जायची, ती इथे चालेलच असं नाही.

दोन बर्नरच्या शेगडीला तासाला साधारण 0.4 घनमीटर गॅस लागतो. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणाऱ्या गीझरला 1.2 घनमीटर, म्हणजे शेगडीच्या तिप्पट. दोन्ही एकदम चालले तर 1.6, म्हणजे आधीच्या चौपट. गॅस चौपट वाहिला की नळीत वाया जाणारा दाब नुसता चौपट होत नाही, त्याहून बराच जास्त होतो. सगळी गोम इथे आहे.

आतून 10 मिलीमीटरची तांब्याची नळी 20 मीटर फिरवली, तर नुसत्या शेगडीला वाटेत साधारण एक मिलीबार दाब पडतो. कोणाला कळतही नाही. त्याच नळीवर गीझर चढवा, त्याच्या कितीतरी पट दाब जातो. तिथे अर्धा इंची लोखंडी पाईप असेल, जो आतून 16 मिलीमीटर भरतो, तर तेच दोन्ही चालवून फार थोडा दाब पडतो. ब्रिटनमध्ये मीटरपासून शेगडीपर्यंत एक मिलीबारपेक्षा जास्त दाब पडू नये असा दंडक आहे. तिथे प्रत्येक एल्बो अर्धा मीटर नळी धरून मोजतात. आपल्याकडे कोळीवाड्यातल्या घरात नळी खिडकीला, कपाटाला, माळ्याला वळसे घालत जाते. आठ एल्बो म्हणजे चार मीटर नळी वाढली. ती कोण मोजतं?

यावर कोणी म्हणेल, ज्योत थोडी बारीक झाली तर एवढं काय? भात दहा मिनिटं उशिरा शिजेल. तर नाही. सिमवर दूध ठेवलंय, गीझर चालू झाला, ज्योत अजून बारीक झाली, खिडकीतून झुळूक आली आणि ती विझली. गीझर बंद झाल्यावर दाब परत येतो, ज्योत येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक शेगड्यांना ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी सोय नसते. दहा बाय बाराच्या खोलीत गॅस साठत राहतो. कोळीवाड्याच्या गल्ल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना सांगायला नको, तिथे अग्निशमनची गाडी आत येत नाही. एका घरातली चूक चार घरं भोगतात.

आता उलटी बाजू. "मग सरळ पाऊण इंची टाका" असं म्हणणारेही भेटतात. जाड नळीने दाब वाढत नाही. दाब रेग्युलेटर ठरवतो. नळी फक्त त्यातला किती वाटेत खाते तेवढंच ठरवते. जिथे अर्धा इंची पुरते तिथे पाऊण इंची म्हणजे नुसता खर्च. पण एकाच नळीवर दोन चुली, गीझर आणि पुढच्या खोलीत मासळी तळायची मोठी शेगडी असेल, तर तिथे पाऊण इंची हवीच. अर्धा इंचीपेक्षा ती दुपटीने गॅस वाहते. (आणि धंद्याची शेगडी घरगुती जोडणीवर चालवायची नाही, ती जोडणी वेगळी घ्यावी लागते, हेही आलं.) म्हणजे उत्तर 'जाड' की 'बारीक' असं नाहीच. किती गॅस, किती लांब आणि किती वळणं, यावरून नळी ठरते.

टॉवरवाल्यांचा आणखी एक गैरसमज असतो. पाण्यासारखा गॅसही वरच्या मजल्यावर चढत नाही असं त्यांना वाटतं. हा गॅस हवेपेक्षा हलका. वर जाताना त्याला उलट किंचित मदतच होते. वरच्या मजल्यावर ज्योत बारीक असेल तर उंचीला दोष देऊ नका, नळी आणि रेग्युलेटर तपासायला सांगा. शीव कोळीवाडा, प्रतीक्षानगर, जीटीबी नगर या पट्ट्यात जुन्या घरांच्या जागी इमारती उभ्या राहतायत. करारात पार्किंग असतं, लिफ्टचा ब्रँड असतो. गॅसची उभी लाईन किती घरांसाठी, घरटी गीझर धरून की न धरून, ही ओळ किती करारांत असते? एकदा भिंती उभ्या राहिल्या की ती लाईन बदलणं सोपं नाही.

मुंबईला गॅस नवा नाही. 1865 साली इथे रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. लालबागच्या गॅस कंपनी लेनचं नाव त्याच जुन्या कोळशाच्या गॅसवरून पडलं. आज शहराचा नैसर्गिक गॅस ज्या ठिकाणांहून आत येतो त्यातलं एक वडाळ्याला आहे, कोळीवाड्याच्या अगदी जवळ. नोव्हेंबर 2025 मध्ये आरसीएफच्या आवारात गेलच्या मुख्य लाईनला इजा झाली, वडाळ्याचा पुरवठा घटला आणि मुंबईभर सीएनजीच्या रांगा लागल्या. सगळ्या चॅनेलवर बातमी होती. मोठी नळी फुटली की बातमी होते. घरातली छोटी नळी चुकीची पडली तर बातमी कधी होते, ते पत्रकार म्हणून मला चांगलं माहीत आहे. तेव्हा आकडा लिहायचा असतो, किती जखमी, किती दगावले.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. नळीचं माप हा प्लंबरच्या अंदाजाचा विषय नाही. तो हिशेबाचा विषय आहे, आणि तो हिशेब घरमालकाच्या हातात कागदावर पडला पाहिजे. कोणती उपकरणं धरली, एकूण गॅस किती, लांबी किती, एल्बो किती, नळी कितीची. पाच ओळी. विजेच्या बिलावर मंजूर भार लिहून येतो, मग गॅसला का नको? गॅस कंपन्यांनी हा कागद जोडणीसोबत द्यावा आणि पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाने तो सक्तीचा करावा. हे मागायला मोर्चा लागत नाही. ग्रामसभेत, सोसायटीच्या सभेत एक ठराव पुरतो.

तोवर आपल्या हातात असलेलं तरी करू. नवं उपकरण घ्यायच्या आधी कंपनीला कळवा, ओळखीच्या माणसाला टी मारू देऊ नका. गीझर बंद मोरीत लावूच नका. तिथे नळी बरोबर असली तरी विषारी धूर कोंडतो. गळती साबणाच्या पाण्याने बघा, काडी ओढून नाही. आणि गीझर लावल्यावर शेगडीची ज्योत खाली बसत असेल तर ती तक्रार आजच लेखी द्या.

आमच्या गावात खोदाई चालू आहे. मुंबईने जे अंदाजाने केलं ते आम्ही मोजून करू शकतो, कारण आमच्या भिंती अजून फोडायच्या आहेत. तुमच्या गावातही लाईन येत असेल तर जोडणीच्या अर्जावर सही करण्याआधी एवढंच विचारा: "नळी कितीची, आणि हिशेब कुठाय?"

पटलं तर पुढे पाठवा. सोसायटीच्या ग्रुपवर तर नक्की.